रिलीजचा जोडीदार

"एवढ्यात नको," वर्देबाई म्हणाल्या आणि चिवड्यातले खोबऱ्याचे काप निवडून बशीच्या कडेला लावू लागल्या.

कराडच्या एका मंगल कार्यालयाच्या मागच्या खोलीत आम्ही अकरा जण सतरंजीवर बसलो होतो. दारावर 'वधूपक्ष' अशी पाटी होती आणि आत अजून आदल्या दिवशीच्या लग्नाचा गुलाबपाण्याचा वास येत होता. वर्षातून एकदाच भेटणाऱ्या आणि पदरमोड करून येणाऱ्या माणसांना याहून बरी जागा कोण देणार? प्रश्न 'कपाट'ची नवी आवृत्ती कधी काढायची हा होता. आमच्या मते ती तयार होऊन सात आठवडे उलटले होते. बाईंच्या मते तिला अजून वेळ होता, आणि तो किती हे त्या सांगत नव्हत्या.

'कपाट' म्हणजे छोट्या गावांतल्या वाचनालयांसाठी आम्ही बनवलेलं सॉफ्टवेअर. सभासद कोण, कुठलं पुस्तक कुणाकडे, कोण गाव सोडून गेलं, कोण वारलं, हे सगळं ते सांभाळायचं. तेव्हा तीनशे बारा वाचनालयं त्यावर चालत होती. ते फुकट होतं आणि उघडं होतं, म्हणजे त्याच्या आतली प्रत्येक ओळ कुणालाही वाचता यायची आणि धमक असेल तर सुधारताही यायची. आमच्यातले दहा जण आपापल्या नोकऱ्या सांभाळून त्या ओळी लिहायचे. बाई एकही ओळ लिहीत नसत. त्या रिलीज काढायच्या. दहा जणांनी दहा दिशांनी आणून टाकलेलं सगळं गोळा करायचं, तपासायचं, एकत्र बांधायचं आणि वाचनालयांकडे रवाना करायचं, हे ते काम. अकरा वर्षं त्या ते एकट्या करत होत्या, म्हणून आम्हाला ते फार सोपं वाटायचं.

शैलजा वर्दे कुडाळच्या. शाळेच्या ग्रंथपाल म्हणून निवृत्त झालेल्या. संगणक त्या पंचेचाळिशीनंतर शिकल्या, त्यामुळे त्यांचा त्याच्यावर विश्वास नव्हता. प्रत्येक रिलीजच्या आधी त्या तीन गावांना फोन लावायच्या आणि तिथल्या ग्रंथपालाकडून एक अख्खा खोटा दिवस काढून घ्यायच्या. खोटा सभासद यायचा, खोटं पुस्तक न्यायचा, ते हरवायचा, वर भांडून सभासदत्व सोडायचा. हे सगळं बिनबोभाट पार पडलं की मग बाई हो म्हणायच्या. आमच्यात या प्रकाराची भरपूर टिंगल चालायची, अर्थात त्यांच्या माघारी. समोर आम्ही 'हो बाई' म्हणायचो.

मी त्र्यंबक नरहर लोंढे. तेव्हा बत्तीस वर्षांचा होतो, नाशिकला एका कंपनीत नोकरीला होतो, आणि एवढा हुशार माणूस नाशिकमध्ये वाया जातोय असं माझं स्वतःबद्दल प्रामाणिक मत होतं. रखडलेल्या आवृत्तीतली सगळ्यात मोठी गोष्ट माझी होती. वाचनालयांत एकच माणूस दोनदा सभासद म्हणून लिहिलेला सापडतो, एकदा जुन्या रजिस्टरातून उतरवून घेतलेला आणि एकदा नव्याने. माझा कोड असे दुबार सभासद शोधून दोघांचा एक करायचा. नाव, वडिलांचं नाव, आडनाव आणि पत्ता, चारही जुळलं की माणूस तोच. यात चुकायला जागा कुठे आहे, असं मी भेटेल त्याला विचारत होतो. बाई सोडून सगळ्यांना ते पटलं होतं.

तेवढ्यात इरफान मुल्लाणीने घसा खाकरला. इरफान सोलापूरचा, गटातला माझा जवळचा मित्र. त्याने काय बोलायचं हे मी त्याला आदल्या रात्रीच फोनवर पढवून ठेवलं होतं. तो म्हणाला की बाईंवर फार भार पडतो, शिवाय आता त्यांचं वय, आणि इथे त्याने जीभ चावली. तर काम वाटून घ्यावं. प्रत्येक रिलीजला एक मुख्य आणि एक जोडीदार. मुख्याने आवृत्ती बांधायची, जोडीदाराने तपासायची, पुढच्या खेपेला अदलाबदल. सगळ्यांचं मिळून एक पान असेल, त्यावर दोघांनी 'पाहिलं' असं लिहून पुढे आपलं नाव टाकायचं. दोन्ही नावं आल्याशिवाय आवृत्ती बाहेर पडणार नाही. हा सगळा मजकूर मी स्वल्पविरामांसकट स्वतः लिहिला होता आणि आता तो आयुष्यात पहिल्यांदा ऐकत असल्यासारखी मान डोलवत होतो.

"दोन घरचा पाहुणा उपाशी, असं तर नाही ना व्हायचं?" बाईंनी विचारलं.

"म्हणूनच तर दोघांची नावं लिहायची, बाई," मी म्हणालो.

त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं. पढवणारा कोण हे त्यांना कळलं असावं, पण तसं त्या बोलल्या नाहीत. म्हणाल्या, "चांगलं आहे. अकरा वर्षांत पहिल्यांदा कुणीतरी काम मागतंय. पहिली पाळी लोंढ्यांची. मी जोडीदार."

मी भांडायची तयारी करून आलो होतो. बाईंनी अशी पटकन मान तुकवावी हे मला अजिबात आवडलं नाही. मग निदान थोडी शोभा तरी असावी म्हणून मी उभा राहून तारीखच जाहीर केली. तीन आठवड्यांनी, रविवारी, सकाळी अकरा वाजता. त्या दिवशी पुण्यात मुक्त सॉफ्टवेअरवाल्यांचा मेळावा होता, तिथे माझं भाषण होतं, आणि भाषण चालू असतानाच मी आवृत्ती सोडणार होतो. उतावळा नवरा, गुडघ्याला बाशिंग, आणि बसलोही होतो वधूपक्षाच्या खोलीत. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. बाईंनी खोबऱ्याचा एक काप तोंडात टाकला.

आता तारीख चुकवून चालणार नव्हतं. बाईंचं थांबणं बरोबर आणि माझे तीन आठवडे चूक, असं एकदा ठरलं की दुसरी पाळी मला कुणी दिली नसती. आज ऐकायला हे हास्यास्पद वाटेल. पण तेव्हा माझ्या आयुष्यात तेवढं एकच काम होतं ज्यात मला कुणीतरी व्हावंसं वाटत होतं, आणि ते मला मनापासून हवं होतं.

मी झपाट्याने आवृत्ती बांधली. बारा वाचनालयांची खरी माहिती घेऊन माझा दुबार सभासदांचा कोड चालवून बघितला. नऊशेच्या वर जोड्या निघाल्या. यादी आडनावांप्रमाणे लावलेली होती. अभ्यंकर, आगवणे, कदम, कुंभार, एकेक तपासत गेलो, सगळे खरोखरच दुबार. गायकवाडांपर्यंत आलो आणि जेवायला गेलो. परत आल्यावर पुन्हा 'ग'पासून सुरू करण्यात काही अर्थ आहे असं मला वाटलं नाही.

रविवार तीन दिवसांवर असताना, गुरुवारी बाईंचा फोन आला. त्या बेळगावला निघाल्या होत्या, त्यांच्या बहिणीच्या डोळ्याचं ऑपरेशन होतं.

"यादी वाचली का कुणी?" त्यांनी विचारलं.

"मी वाचली."

"सगळी?"

"हो, सगळी."

"मग आता मी वाचते. मंगळवारपर्यंत वेळ द्या मला. इथे दवाखान्यात दिवसभर बसूनच राहायचंय. आणि ती तीन गावंही व्हायचीत अजून."

मी रविवारची आठवण करून दिली. पुण्यात दोनशे माणसं येणार आहेत, हेही सांगितलं.

"दोनशे माणसं पुस्तकं न्यायला येतायत का?" बाई म्हणाल्या. "मंगळवारी काढा हो. दोघांनी पाहायचं हे तुम्हीच लिहिलंय."

मी 'बरं' म्हणालो. या 'बरं'चा अर्थ काय होतो ते बाईंना ठाऊक होतं, असं आता वाटतं.

रविवारी पुण्यात माझं भाषण फार छान झालं. 'जबाबदारी वाटून घेण्याची संस्कृती' हा विषय होता. अकराला पाच मिनिटं कमी असताना मी ते पान पडद्यावर दाखवलं. 'पाहिलं, लोंढे' आणि खाली 'पाहिलं, वर्दे'. बघा, मी म्हणालो, दोन नावं, दोन डोळ्यांच्या जोड्या, याला म्हणतात विश्वास. अकराच्या ठोक्याला आवृत्ती सुटली. टाळ्या पडल्या. दुपारी एका मुलीने माझ्यासोबत फोटोही काढला.

मंगळवारी सकाळी दहा वाजता वडिलांचा फोन आला. ते निवृत्त पोस्टमास्तर, आमच्या नांदवळे गावी राहायचे, आणि रोज सकाळी वाचनालयात जाऊन तीन वर्तमानपत्रं वाचून त्यांतल्या चुका मोजायचे.

"तू बरा आहेस ना?" त्यांनी विचारलं.

"हो. का?"

"काही नाही. वाचनालयाच्या फळ्यावर तू गेल्याचं लिहिलंय."

मला काहीच कळेना. वडील शांतपणे वाचून दाखवू लागले. आमच्या वाचनालयाचे सभासद त्र्यंबक नरहर लोंढे यांचे दुःखद निधन झाले, ईश्वर मृतात्म्यास शांती देवो. अक्षर चांगलं आहे, म्हणाले. मृतात्म्यास या शब्दात पाटोळे दरवेळी चूक करतो, या वेळी नाही केली. पाटोळे म्हणजे तिथले ग्रंथपाल, मला लहानपणापासून ओळखणारे. ते रडत होते म्हणून वडिलांनी त्यांना चहा पाजला होता.

"तुझ्या आजोबांचं नाव तुला ठेवलं, तर तुझी आई नको म्हणत होती," वडील म्हणाले.

तेव्हा माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. आजोबा त्र्यंबक नरहर लोंढे, त्यांचा मुलगा नरहर त्र्यंबक लोंढे, आणि नातू पुन्हा त्र्यंबक नरहर लोंढे. घर तेच, पत्ता तोच, वाचनालयही तेच. आपल्याकडे नातवाला आजोबांचं नाव ठेवतात हे शेंबड्या पोरालाही माहीत असतं. ज्याचं स्वतःचं नाव असं ठेवलेलं होतं त्या एकट्या शहाण्याला ते सुचलं नव्हतं. माझ्या कोडने आजोबा आणि नातू यांचा एक माणूस केला होता. दोघांतला एक वारल्याची नोंद असेल तर एकत्र झालेला माणूस वारलेलाच धरायचा, असंही मी विचारपूर्वक लिहिलं होतं, कारण मेलेला माणूस पुन्हा सभासद होत नाही. ज्यांच्यात असा बदल झाला त्यांची यादी वाचनालयाला आपोआप जायची, श्रद्धांजली वाहायची सोय म्हणून. पाटोळ्यांनी ती इमानदारीने फळ्यावर उतरवली होती. मी तपासायला घेतलेल्या बारा वाचनालयांत नांदवळेही होतंच. मी 'ग'पाशी जेवायला उठलो होतो, आणि लोंढे 'ल'मध्ये होते.

"मला कळत होतं की ही चूक आहे," वडील म्हणाले. "काल संध्याकाळीच तर बोललो आपण. तरी तुझा फोन लागेपर्यंत मला खाली बसवेना." तिकडे पाटोळे अजून नाक ओढत होते ते मला फोनवर ऐकू येत होतं.

तीनशे बारा वाचनालयांत मिळून आठशे सोळा जिवंत नातू मी मारले. काही घरी छापील सांत्वनपत्रं पोचली. एका गावात विद्यमान उपसरपंचांना श्रद्धांजली वाहण्यात आली. ते स्वतः हजर होते आणि भिडेखातर दोन मिनिटं उभेही राहिले. इरफानने दोन दिवस कामावर दांडी मारून माझा सगळा कारभार उलटा फिरवला. नातू जिवंत झाले, पण कुणाचं पुस्तक कुणाच्या नावावर गेलं याचा घोळ काही पूर्ण सुटला नाही. एकोणीस वाचनालयांनी 'कपाट' बंद करून पुन्हा रजिस्टरं काढली. त्यांतल्या एका ग्रंथपालाने आम्हाला लिहिलं की आमच्या रजिस्टरात आजवर कुणी चुकून मेलेलं नाही.

शनिवारी दुपारी चार वाजता सगळ्यांची पडद्यावर बैठक झाली. अकरा चौकटींत अकरा चेहरे. वर्देबाईंचं नेहमीप्रमाणे फक्त कपाळ आणि मागचं कॅलेंडर दिसत होतं. इरफानने सुरुवात केली. एकच प्रश्न आहे, म्हणाला. दोघांनी पाहायचा नियम होता, मग हे सुटलं कसं? आणि त्याने पानावरच्या दोन ओळी वाचल्या. पाहिलं, लोंढे. पाहिलं, वर्दे.

आता सांगून टाकतो. दुसरी ओळ बाईंनी लिहिलेली नव्हती. रविवारी सकाळी दहा छत्तीसला, सभागृहाच्या बाहेर, पाण्याच्या टाकीपाशी उभा राहून ती मी लिहिली होती. बाई शेवटी हो म्हणणारच आहेत, मग दोन दिवस आधी त्यांच्या वतीने हो म्हणायला काय हरकत आहे, असं मी स्वतःला समजावलं होतं. त्या पानावर कुठली ओळ कुणाच्या खात्यातून आणि किती वाजता लिहिली गेली याची नोंद आपोआप राहायची. एक बटण दाबलं की ती कुणालाही दिसायची, आणि पुसता येत नसे. मला हे पक्कं माहीत होतं, कारण ते पान मीच बनवलं होतं. पण आमच्या उघड्या कारभारात ते बटण कुणी कधी दाबल्याचं मी पाहिलं नव्हतं. आठवडाभर मी त्या एका भरवशावर जगत होतो.

कपाळ थोडं पुढे आलं. "लोंढे," बाई म्हणाल्या, "तुम्हाला काही सांगायचंय का?"

कुणाच्या तरी घरी कुकरची शिट्टी झाली. माझ्याकडे वाक्य तयार होतं, अगदी ओठावर होतं. ते बोललो असतो तर माझं तोंड कायमचं काळं झालं असतं. पुण्यातली दोनशे माणसं, भाषण, फोटो, सगळं आठवलं.

"नाही, बाई," मी म्हणालो. "नियमाप्रमाणेच झालं होतं सगळं."

"बरं," बाई म्हणाल्या. मग म्हणाल्या, "पानावर माझं नाव आहे म्हणजे मी पाहिलंच असणार. माझीच नजर चुकली म्हणायची. वाचनालयांना तसं कळवा, माझ्या नावानिशी. मी यातून बाजूला होते."

कुणी त्यांना थांबा म्हणालं नाही. मला ते त्या वेळी जरा कृतघ्नपणाचं वाटलं, आणि तसं वाटलं याची आता लाज वाटते. इरफान म्हणाला की आता रिलीजचं काम लोंढेनेच बघावं. सगळ्यांचे हात पटकन वर गेले. बाईंची पोकळी भरून निघणारी नाही, त्यांच्या मार्गदर्शनाची उणीव भासत राहील, असं मी चार वाक्यांत बोललो. असलं मला छान जमतं.

दुसऱ्या दिवशी मी बाईंना फोन केला. खरं सांगायचं आणि माफी मागायची असं ठरवूनच केला होता.

"बोला," बाई म्हणाल्या.

"बाई, तुमचे आभार मानायचे होते."

"कशाबद्दल?"

तोंडाशी आलेलं पुन्हा घशात गेलं. "इतकी वर्षं तुम्ही जे काम केलंत, त्याबद्दल," मी म्हणालो.

"बरं," म्हणून त्यांनी फोन ठेवला. त्यानंतर आमचं कधी बोलणं झालं नाही.

मी काम मात्र मन लावून केलं. याद्या शेवटच्या नावापर्यंत वाचल्या. बाईंची ती तीन गावं मी सहा केली आणि खोटे दिवस काढून घेताना कुणाच्या टिंगलीची पर्वा केली नाही. एकोणीसमधली चौदा वाचनालयं परत आली. एकच अडचण होती. जोडीदाराचा नियम तसाच होता, आणि जोडीदार मिळत नव्हता. दरवेळी मी सगळ्यांना विचारायचो, दरवेळी कुणाची परीक्षा असायची, कुणाचं बाळंतपण, कुणाच्या घरी गवंडी लागलेले. शेवटी 'जोडीदार उपलब्ध नसल्यास मुख्याने एकट्याने पाहावे' अशी पुस्ती मीच नियमाला जोडली आणि तिला कुणी विरोध केला नाही. लोकांना आयतं हवं असतं, असा निष्कर्ष मी काढला. आठ वर्षं मी तो भेटेल त्याला ऐकवत होतो.

गेल्या वर्षी सोलापूरला एका लग्नाला गेलो होतो, तेव्हा दुपारी इरफानकडे जेवायला थांबलो. कडक भाकरी, शेंगाची चटणी, दही. जेवता जेवता माझं नेहमीचं पुराण सुरू झालं. सोळा रिलीज एकट्याने काढल्या, एक माणूस म्हणून मदतीला येत नाही, काय लोक आहेत.

इरफानचा हात थांबला. "तुला खरंच म्हाईत नाही?" तो म्हणाला.

"काय?"

"दहा छत्तीस."

मी भाकरीचा तुकडा ताटात ठेवला.

"ते बटण आम्ही सगळ्यांनी दाबलंय बे," इरफान म्हणाला. "बैठकीच्या आदल्या दिवशीच. बाईंनी एकेकाला फोन केलता. म्हणाल्या, पान उघडून बघा, आन् उद्या तोंड उघडू नका."

"का?"

"तुला बोलायला जागा पायजे म्हणाल्या. तू बोललास तर त्या थांबणार होत्या. दोघं मिळून काम पुढं न्यायचं, असं ठरलं होतं त्यांचं. पोरगा चांगलाय, घाई नडते त्याला, म्हणत होत्या."

"आणि नाही बोललो तर?"

इरफानने दह्याची वाटी उगाच फिरवली. "तरी काम तुलाच द्यायचं, म्हणाल्या. गावं वाऱ्यावर सोडायची नाहीत, आन् तुझ्याइतकं नीट बांधणारा दुसरा कोण नाही. वाचनालयांना सांगायला एकाची चूक पुरे, ती मी घेते, म्हणाल्या. फक्त त्याच्या नावाला लागून आपलं नाव कुणी लिहायचं नाही."

त्याची बायको भाकरी वाढायला आली. मी नको म्हणालो, मग हो म्हणालो. आठ वर्षांतले सगळे निरोप मला आठवत होते. परीक्षा, बाळंतपण, गवंडी. सगळे किती प्रेमाने लिहिलेले होते.

"पुढच्या बैठकीत मी सगळ्यांना सांगतो," मी म्हणालो. "काय झालं, कसं झालं, सगळं सांगून टाकतो."

"सांग की," इरफान म्हणाला. "पण न म्हाईत असलेला त्यात हाय कोण?"

मी मनातल्या मनात एकेक नाव घेऊन बघितलं. अकरापैकी एकही उरत नव्हतं. ज्यांना माहीत नाही असे आता तुम्हीच राहिलात, म्हणून तुम्हाला सांगितलं.